आधी ढकला, मग तपासा?

२६ जुलै २०२५. दिवसभर कारगिल विजय दिनाचे स्टेटस सगळ्यांच्या फोनवर झळकत होते. त्याच रात्री पुण्यात, चंदननगरमध्ये, एका कुटुंबाच्या दारात मोठा जमाव उभा राहिला. तुम्ही बांगलादेशी आहात, कागद दाखवा, अशी मागणी सुरू झाली. हे कुटुंब मूळचं उत्तर प्रदेशातलं, साठच्या दशकापासून पुण्यात राहणारं. घरातला एक भाऊ लष्करात होता आणि कारगिलच्या युद्धात लढलेला होता. आधार कार्ड दाखवलं तर ते खोटं असल्याचं सांगितलं गेलं आणि मध्यरात्री घरातल्यांना पोलिस ठाण्यात नेलं गेलं, असा कुटुंबाचा आरोप आहे. पोलिसांचं म्हणणं असं, की संशयित घुसखोरांची माहिती मिळाली म्हणून पथक गेलं होतं आणि कागदपत्रं बघून ते भारतीय असल्याचं दिसल्यावर त्यांना सोडून दिलं.

बातमी दोन दिवस चालली, त्यावर रील्स आल्या, मग विषय मागे पडला. पण यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. या कुटुंबाकडे पुण्यातली पन्नासहून जास्त वर्षं होती, लष्कराचं रेकॉर्ड होतं, ओळखीचे शेजारी होते आणि दारात आलेला मीडिया होता. ज्याच्याकडे यातलं काहीच नाही, त्याचं काय होतं? याचं उत्तर दीड महिना आधीच मीरा रोडला मिळालं होतं.

मीरा रोड ते बांगलादेश, तीन दिवसांत

पश्चिम बंगालमधल्या मुर्शिदाबाद जिल्ह्यातला एक छत्तिशीचा गवंडी मुंबईजवळ मीरा रोड भागात काम करत होता. ११ जून २०२५ रोजी चहा पीत असताना पोलिसांनी त्याला संशयावरून ताब्यात घेतलं. घरच्यांनी गावाकडून कागदपत्रं पाठवली. पश्चिम बंगालच्या स्थलांतरित कामगार कल्याण मंडळानंही मुंबईकडे कागद पाठवले. पण तोवर त्याला सीमा सुरक्षा दलाकडे, म्हणजे बीएसएफकडे सोपवलं गेलं होतं. १४ जूनच्या पहाटे, अंधारात, त्याला बांगलादेशात ढकलण्यात आलं.

स्थानिक पोलिसांनी पत्रकारांना दिलेलं स्पष्टीकरण असं होतं, की आधार आणि पॅन हा नागरिकत्वाचा पुरावा मानता येत नाही आणि या माणसाला जन्मदाखला दाखवता आला नाही. त्याच दिवसांत मुंबई परिसरातून उचललेले पश्चिम बंगालचे आणखी काही मजूर असेच सीमेपलीकडे गेले. मग बंगाल सरकारनं हालचाल केली, बीएसएफ आणि बांगलादेशच्या सीमा दलात बोलणी झाली आणि काही दिवसांत ते परत आले. म्हणजे ते भारतीय होते. कागद होते, पत्ता होता, गाव होतं, पंचायत होती. ते सगळं कोणी नीट तपासण्याआधीच माणूस देशाबाहेर गेला होता.

महाराष्ट्राला हा प्रकार अगदी नवा नाही. जुलै १९९८ मध्ये, युती सरकारच्या काळात, मुंबई पोलिसांनी बांगलादेशी ठरवलेल्या बंगालीभाषक लोकांना कुर्ला-हावडा एक्स्प्रेसनं सीमेकडे नेलं जात होतं. हावडा जिल्ह्यातल्या उलुबेरिया स्थानकावर जमावानं गाडी अडवली आणि त्यांना सोडवून नेलं. त्यावेळी मुंबईतल्या जरी कारागिरांचा प्रश्न गाजला होता. फरक एवढाच, की तेव्हा ट्रेनला दोन दिवस लागायचे आणि वाटेत कोणाला तरी कळायचं.

पुशबॅक म्हणजे नेमकं काय?

आपण बातम्यांमध्ये ‘डिपोर्ट केलं’ आणि ‘पुशबॅक केलं’ हे शब्द एकाच अर्थानं वाचतो. पण दोन्हींत मोठा फरक आहे.

डिपोर्टेशन म्हणजे कायदेशीर हद्दपारी. त्यात आधी माणूस परदेशी आहे का हे तपासलं जातं. त्याला बाजू मांडायची संधी मिळते. लेखी आदेश निघतो आणि त्याविरुद्ध कोर्टात जाता येतं. शेवटी दुसरा देश ‘हो, हा आमचा नागरिक आहे’ असं कळवतो आणि मग ताबा दिला-घेतला जातो. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेनं १०४ भारतीयांना लष्करी विमानानं अमृतसरला आणून सोडलं होतं, त्यात महाराष्ट्राचेही तिघे होते. बेड्या घालून आणल्याबद्दल आपण सगळेच चिडलो, आणि ते बरोबरच होतं. पण तिथेही कोण येणार याची यादी होती, आणि आपले नागरिक असल्याची खात्री पटल्यावरच आपण त्यांना परत घेतो, असं परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी राज्यसभेत सांगितलं.

पुशबॅकमध्ये यातलं काहीच नसतं. माणसाला सीमेवर न्यायचं आणि पलीकडे चालायला लावायचं. समोरच्या देशाला विचारलेलं नसतं, त्यामुळे बांगलादेशात याच गोष्टीला ‘पुश-इन’ म्हणतात. एकाची पाठवणी, दुसऱ्याची घुसखोरी. मधल्या माणसाकडे कोणत्याच देशाचा कागद उरत नाही.

सोपं उदाहरण देतो. आपल्या अ‍ॅडमिशनच्या वेळी डॉक्युमेंट व्हेरिफिकेशन असतं. कागद कमी पडला तर आपल्याला कोणता कागद हवा ते सांगतात. तक्रार नोंदवायला मुदत असते. जात पडताळणीचं प्रमाणपत्र आलेलं नसेल तर पावतीवर काम भागवून मुदत मागता येते. आपण त्या सगळ्या प्रक्रियेला भरपूर शिव्या देतो, पण ती आहे म्हणून एका क्लार्कच्या संशयावर आपली सीट जात नाही. पुशबॅकमध्ये सीटऐवजी देश जातो, आणि तक्रारीची विंडोच नसते.

ह्युमन राइट्स वॉचच्या जुलै २०२५ च्या अहवालात बांगलादेशच्या सीमा दलाचा आकडा दिला आहे. ७ मे ते १५ जून २०२५ या सव्वा महिन्यात भारतातून दीड हजारांहून अधिक लोक तिकडे ढकलले गेले आणि त्यात काही भारतीय नागरिकही होते. आसामचे मुख्यमंत्री हिमंत बिस्व सरमा यांनी तर कायदेशीर प्रक्रियेत वेळ जातो म्हणून पुशबॅकचा मार्ग घेतल्याचं जाहीरपणे मांडलं.

समुद्रात ढकललं तर?

जमिनीवर निदान परत चालत येता येतं. पाण्यात ढकललेल्या माणसाचं काय होतं, हेही त्याच मे महिन्यात दिसलं.

९ मे २०२५ रोजी सुंदरबनच्या बांगलादेशी टोकाला, मांदारबारिया नावाच्या निर्जन किनाऱ्यावर ७८ जण सोडलेले सापडले. त्यांना गुजरातमधून पकडून आणलं होतं. बांगलादेशच्या तटरक्षक दलानं त्यांना बाहेर काढलं. त्यातले तिघे भारतात जन्मलेले भारतीय निघाले, असं तिथल्या अधिकाऱ्यांनी सांगितलं.

त्याच सुमारास दिल्लीतून ताब्यात घेतलेल्या सुमारे ४० रोहिंग्या निर्वासितांना विमानानं अंदमानात, तिथून नौदलाच्या जहाजानं म्यानमारजवळ नेलं आणि लाइफ जॅकेट घालून समुद्रात उतरवलं, असा आरोप झाला. ते पोहत किनाऱ्याला लागले, असं त्यांच्या नातेवाइकांचं म्हणणं. म्यानमारसाठीचे संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिनिधी टॉम अँड्र्यूज यांनी याची चौकशी सुरू केली. सर्वोच्च न्यायालयानं मात्र १६ मे रोजी या आरोपांवर शंका घेतली, ही रचलेली गोष्ट वाटते अशा अर्थाची टिप्पणी केली आणि ठोस पुरावा मागितला. इथेच पुशबॅकची खरी गोची कळते. पुरावा येणार कुठून? आदेशाची प्रत नाही, प्रवासाची नोंद नाही, आणि साक्षीदार म्यानमारच्या किनाऱ्यावर.

समुद्राचा कायदा याबाबत स्पष्ट आहे. संयुक्त राष्ट्रांच्या समुद्रविषयक करारावर भारताची १९९५ पासून मोहोर आहे. त्याच्या ९८ व्या कलमानुसार समुद्रात जीव धोक्यात असलेल्या कोणालाही वाचवणं हे जहाजाचं कर्तव्य आहे. तो कोण, कुठला, कागद आहेत का, हे प्रश्न त्यानंतरचे. आपल्या कोळी बांधवांना हे कायद्याचं पुस्तक न वाचताही माहीत असतं. वादळात सापडलेल्या होडीला आधी दोर टाकतात, बंदर नंतर विचारतात.

आणि भारतानं हे करूनही दाखवलं आहे. २००८ च्या अखेरीस आणि २००९ च्या सुरुवातीला थायलंडनं रोहिंग्यांच्या बोटी इंजिनाशिवाय खोल समुद्रात ओढून सोडून दिल्या होत्या. त्यातल्या अनेकांना अंदमानजवळ आपल्याच तटरक्षक दलानं वाचवलं. तेव्हा जगभर थायलंडवर टीका झाली.

युरोपातही हाच वाद वर्षानुवर्षं चालू आहे. २००९ मध्ये इटलीच्या जहाजांनी भूमध्य समुद्रात सोमालिया आणि इरिट्रियाच्या लोकांना बोटींतून उचललं आणि कोणतीही चौकशी न करता थेट लिबियात नेऊन सोडलं. त्यातल्या २४ जणांनी केस केली. २३ फेब्रुवारी २०१२ रोजी युरोपीय मानवाधिकार न्यायालयानं इटलीला दोषी धरलं. कोर्टाचा मुद्दा असा, की माणूस तुमच्या जहाजावर, तुमच्या ताब्यात आला की तुमची जबाबदारी सुरू झाली, भले ते जहाज कोणाच्याही हद्दीत नसो. प्रत्येकाचं वेगवेगळं ऐकल्याशिवाय घाऊक परत पाठवता येणार नाही.

सिद्ध कोणी करायचं?

आता परत आपल्याकडे येऊ. ‘भारतीय असशील तर कागद दाखव, एवढं काय त्यात?’ हा प्रश्न आपल्याही कट्ट्यावर ऐकू येतो. चला, करून बघू.

आधार? ते ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा आहे, नागरिकत्वाचा नाही. १२ ऑगस्ट २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयात ठाण्यातल्या एका आरोपीच्या जामिनावर निकाल देताना न्यायमूर्ती अमित बोरकर यांनी सांगितलं, की आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र असलं म्हणून कोणी आपोआप भारतीय ठरत नाही. त्या केसमध्ये कागद बनावट असल्याचा आरोप होता. कायद्याच्या नजरेतून हे बरोबर आहे. पण मग दाखवायचं काय?

जन्मदाखला? जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदाच १९६९ चा. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीत किती जणांकडे जन्मदाखला आहे, घरी विचारून बघा. आणि नुसता जन्म भारतात झाला एवढंही पुरत नाही. १ जुलै १९८७ पूर्वी इथे जन्मलेला माणूस जन्मानंच भारतीय. त्यानंतर २ डिसेंबर २००४ पर्यंत जन्मलेल्यांसाठी आई किंवा वडील भारतीय असावे लागतात. ३ डिसेंबर २००४ पासून पुढे जन्मलेल्यांसाठी एक पालक भारतीय आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नको. म्हणजे तुमच्या कॉलेजातल्या सीनियर आणि ज्युनियरला नागरिकत्व सिद्ध करण्यासाठी वेगवेगळे नियम लागू होतात. तुम्ही २००५ चे असाल तर तुमच्या जन्मदाखल्यासोबत आई-वडिलांचे कागदही लागणार, आणि त्यांच्यासाठी पुन्हा त्यांच्या जन्मतारखेचा नियम. हे सगळं पोलिस ठाण्यात बसून, दोन दिवसांत, फोन हातात नसताना कसं करणार?

परदेशी नागरिकांबद्दलच्या कायद्यात १९४६ पासून एक वेगळी तरतूद आहे. आपण परदेशी नाही हे त्या व्यक्तीनंच सिद्ध करायचं. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही ती कायम आहे. पण याचा अर्थ वाटेल त्याला उचलता येतं असा होत नाही. जुलै २०२४ मध्ये आसामच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की संशयाला आधी काहीतरी ठोस आधार हवा. कोणाचंही दार वाजवून नागरिकत्व सिद्ध कर म्हणता येणार नाही.

मग मीरा रोडच्या गवंड्यावर संशय कशावरून आला असेल? अशा बहुतेक प्रकरणांत समान दिसणाऱ्या गोष्टी तीन. बंगाली बोलणं, मुस्लिम असणं आणि हातावर पोट असणं. ऑगस्ट २०२५ मध्ये बंगालच्या कामगारांबाबतच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानंही केंद्राला विचारलं, की एखादी भाषा बोलतो म्हणून कोणाला परदेशी धरलं जातं का?

मराठी माणसाला हा प्रश्न लगेच कळायला हवा. बेळगावात मराठी बोलणारा माणूस कागदोपत्री कर्नाटकचा असतो. तंजावरमध्ये पिढ्यान्‌पिढ्या मराठी घरं आहेत. बोली ऐकून पत्ता कळत नाही. बंगाली तर पश्चिम बंगाल, त्रिपुरा, आसामचं बराक खोरं आणि बांगलादेश अशा सगळीकडे बोलली जाते. आपल्या रविवार पेठेत सोन्याचं बारीक काम करणारे अनेक कारागीर बंगालचे आहेत. वाघोली-हिंजवडीत उभ्या राहणाऱ्या टॉवरवर बंगाली ऐकू येते. त्या प्रत्येकानं खिशात तीन पिढ्यांची फाइल घेऊन फिरायचं का?

मग घुसखोरांचं काय?

हा प्रश्न टाळून चालणार नाही. बांगलादेशातून बेकायदा लोक येतात, बनावट आधार-पॅन बनवून देणारे दलाल आहेत, पुणे-मुंबईत अशांना अटकही होते. सीमा सांभाळण्याचा हक्क प्रत्येक देशाला आहे. समुद्रातून आलेल्यांनी मुंबईत काय केलं हे २६/११ नंतर कोणाला समजावून सांगायला नको. आणि कायदेशीर मार्ग खरंच कूर्मगतीनं चालतो. मे २०२५ मध्ये परराष्ट्र मंत्रालयानं सांगितलं, की २,३६० हून अधिक जणांच्या राष्ट्रीयत्वाची पडताळणी बांगलादेशकडे अडकून आहे, काही प्रकरणं २०२० पासून. तेव्हा सरकारची चिडचिड समजू शकते.

पण घाईचा फायदा नेमका कोणाला होतो ते बघा. खोटे कागद बनवणारा दलाल इथेच राहतो. सराईत माणूस पुन्हा पैसे देऊन परत येऊ शकतो. फसवून बुधवार पेठेत आणलेली बांगलादेशी मुलगी कायद्याच्या भाषेत घुसखोर असते, पण खरं तर ती गुन्ह्याची बळी आणि साक्षीदार असते. तिला रात्री सीमेपलीकडे ढकललं की तिला विकणाऱ्यावरची केसही संपली. आणि चुकून पकडलेला भारतीय मात्र तिकडे घुसखोर म्हणून तुरुंगात जातो.

असं झालेलंही आहे. जून २०२५ मध्ये दिल्लीतून उचललेल्या, मूळच्या बीरभूमच्या एका गरोदर महिलेला नवरा आणि आठ वर्षांच्या मुलासह बांगलादेशात ढकललं. तिथे त्यांना घुसखोरीच्या आरोपाखाली तुरुंगात टाकलं. २६ सप्टेंबरला कलकत्ता उच्च न्यायालयानं ती हद्दपारी रद्द केली आणि एवढी घाई का, असा सवाल केला. कारण गृह मंत्रालयाच्याच २ मे २०२५ च्या सूचनांमध्ये मूळ राज्याकडून पडताळणीसाठी ३० दिवस दिले आहेत. इथे ताब्यात घेतल्यापासून दोनेक दिवसांतच रवानगी झाली होती. काही दिवसांत बांगलादेशच्या कोर्टानंही हे लोक भारतीय असल्याचं मान्य केलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर केंद्रानं मानवतेच्या मुद्द्यावर तयारी दाखवली आणि ५ डिसेंबरला ती मुलासह मालदा जिल्ह्यातून भारतात परतली. नवरा त्यावेळी पलीकडेच राहिला.

म्हणजे नवे नियम शोधायचीही गरज नाही. आहेत तेच पाळले तरी पुरे. ज्याला ताब्यात घेतलं त्याची लेखी नोंद व्हावी, घरी फोन करता यावा, वकील मिळावा. मूळ जिल्ह्याकडे कागद पाठवून लेखी उत्तर येईपर्यंत किंवा ३० दिवसांची मुदत संपेपर्यंत त्याला बीएसएफकडे देऊ नये. पाठवायचं ठरलं तर आदेशाची प्रत हातात द्यावी. समुद्रात असेल तर आधी वाचवावं. राज्यघटनेचं २१ वं कलम ‘नागरिक’ म्हणत नाही, ‘व्यक्ती’ म्हणतं. १९९६ मध्ये चकमा निर्वासितांच्या केसमध्ये सर्वोच्च न्यायालयानं हेच सांगितलं होतं, आणि २०२१ च्या रोहिंग्यांच्या केसमध्येही ठरलेल्या प्रक्रियेशिवाय पाठवू नका असं बजावलं होतं.

काहींना वाटतं ही प्रक्रिया म्हणजे घुसखोरांचे लाड. पण आत्तापर्यंतची प्रकरणं पाहिली तर तिचा सगळ्यात जास्त उपयोग भारतीयांनाच झाला असता. घुसखोर कोण आणि नागरिक कोण हे चौकशीनंतरच कळतं. चौकशीच केली नाही तर दोघं सारखेच दिसतात, पहाटेच्या अंधारात तर जास्तच.

चंदननगरचं कुटुंब त्या रात्री घरी परतलं. मीरा रोडचा गवंडीही परतला. पण त्याच्यासाठी धावायला भाऊ होते, पंचायत होती, एक मंडळ होतं. पुढच्या वेळी आपल्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘साइटवर बांगलादेशी राहतात, कळवा’ असा मेसेज आला, तर फॉरवर्ड करण्याआधी एवढं विचारा: कशावरून? उत्तर ‘बोलण्यावरून’ असं आलं, तर तो मेसेज तिथेच थांबलेला बरा.